केनियाच्या अभयारण्यांत चित्रीकरण: तयारी, परवाने आणि कामाचा योग्य क्रम

केनियात चित्रीकरण करू इच्छिणारी मराठी युनिट्स, मग ती चित्रपटाची असोत वा माहितीपटाची, पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा विचारतात आणि तोवर विमानाची तिकिटे, कलाकारांच्या तारखा आणि हॉटेलचे आगाऊ पैसे ठरून गेलेले असतात. त्यानंतर ड्रोन विमानतळावर अडकतो, नायक गाडीतून खाली उतरू शकत नाही हे जागेवर कळते, आणि ज्या कुरणासाठी परवाना काढला त्याच्या शेजारच्या कुरणाला वेगळा परवाना लागतो हे रेंजर येऊन सांगतो. या बहुतेक अडचणी पैशाने सुटत नाहीत, कारण त्यांचे मूळ क्रम चुकण्यात असते. हा लेख त्या क्रमाविषयी आहे. उदाहरण म्हणून प्रामुख्याने मसाई मारा हे राखीव क्षेत्र घेतले आहे, कारण बहुतेक युनिट्स तिथेच जातात आणि चुका अधिक तिथेच होतात.

## टप्पा १: पटकथेच्या तीन याद्या करा

जागा निवडण्यापूर्वी पटकथेतील आफ्रिकेतला प्रत्येक शॉट तीनपैकी एका यादीत घाला. पहिल्या यादीत फक्त प्राणी, दुसरीत फक्त भूप्रदेश आणि तिसरीत कलाकार. 'नायिका उभी आहे आणि मागून हत्तींचा कळप जातो' असा शॉट एका ओळीत लिहिलेला असला तरी चित्रीकरणाच्या दृष्टीने ते दोन शॉट आहेत. वन्य प्राणी आणि पायी उभा असलेला कलाकार एका वेळी एका फ्रेममध्ये आणायचे नाहीत. नियम तसा आहेच, पण नियम नसता तरी तो धोका पत्करू नये असे माझे ठाम मत आहे.

विभाजन आधी करण्याचे कारण असे की या तीन याद्यांना लागणारी माणसे, जागा, परवाने आणि दिवस वेगवेगळे असतात. प्राण्यांच्या शॉटसाठी चार-पाच माणसे आणि भरपूर दिवस लागतात. कलाकारांच्या शॉटसाठी माणसे पुष्कळ, पण दिवस थोडे पुरतात. दोन्ही एकत्र केले की पुष्कळ माणसे पुष्कळ दिवस बसून राहतात.

याचा हिशेब करून पाहा. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी २०२४ पासून प्रवेश शुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. पर्यटकांच्या दराने वीस जणांचे युनिट ऑगस्टमध्ये दहा दिवस आत ठेवले, तर नुसता प्रवेशाचाच आकडा ४०,००० डॉलर होतो. तेच काम पाच जणांच्या प्राणी-युनिटने केले तर १०,००० डॉलर. चित्रीकरणाचे शुल्क, गाड्या आणि निवास यांचा यात समावेश नाही.

तपासणी: एखादा शॉट दोन याद्यांत बसत असेल, तर त्याचे अजून विभाजन झालेले नाही. तो दिग्दर्शकाकडे परत न्या.

## टप्पा २: जागा आणि हंगाम एकत्र ठरवा

याद्या तयार झाल्या की प्रत्येक यादीसाठी जागा शोधा. सगळ्या याद्या एकाच ठिकाणी बसवण्याचा हट्ट धरू नका.

प्राण्यांसाठी मारा उत्तम आहे. शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे (मोठ्या कुरंगांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारात असतात. सिंह, तरस, हत्ती वर्षभर दिसतात, त्यामुळे पटकथेत या कळपांनी नदी ओलांडण्याचे दृश्य नसेल तर दुप्पट शुल्काच्या आणि गर्दीच्या महिन्यांत जाण्याची गरज नाही. हत्तींच्या मागे बर्फाच्छादित किलिमांजारो हवा असेल तर अंबोसेली. मात्र ५,८९५ मीटरचे ते शिखर टांझानियात आहे, अंबोसेलीतून ते फक्त दिसते, आणि दिवस वर येऊ लागला की ढगांत लपते. त्यामुळे त्या शॉटसाठी पहाटेची वेळ राखून ठेवावी लागते आणि दोन-तीन पहाटा वाया जातील असे धरावे लागते. तांबडी धूळ आणि त्या धुळीने तांबडे झालेले हत्ती त्सावोत मिळतात.

कलाकार पायी चालताना दाखवायचे असतील तर नैवाशाजवळचे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान पाहा. तिथे पायी आणि सायकलने फिरण्याची मुभा आहे, उंच कडे आहेत, आणि नैरोबीपासून अंतर सुमारे ९० किलोमीटर असल्याने मोठे युनिट नेणे परवडते. तिथेही रानगवे आहेत, त्यामुळे रेंजर सोबत हवाच. पांढरट-गुलाबी सोडा साचलेला प्रदेश हवा असेल तर मगाडी तलाव, आणि वाळवंट हवे असेल तर उत्तरेकडील चाल्बी.

मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि नोव्हेंबर-डिसेंबर हा छोट्या पावसाचा काळ. माराच्या बऱ्याच भागात काळी कापसाची माती आहे. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी घातलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चार चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा तिथे रुतते, आणि कॅमेऱ्याची गाडी रुतली की तो दिवस गेला. पण पावसानंतरचे हिरवे गवत, धुऊन निघालेली हवा आणि मोठे ढग भूप्रदेशाच्या यादीसाठी इतके चांगले असतात की त्या यादीपुरता मी जून किंवा जानेवारी निवडेन.

इशारा: कळप मारा आणि सेरेंगेटी यांच्यामधली सीमा सहज ओलांडतात, युनिटला ती ओलांडता येत नाही. सँड नदीजवळचा मार्ग प्रवाशांसाठी बंद आहे आणि इसेबानियाच्या सीमाचौकीपर्यंत मोठा वळसा घालावा लागतो. शिवाय टांझानियाचे सगळे परवाने वेगळे. एका दौऱ्यात दोन्ही बसवू नका.

## टप्पा ३: परवाने, आणि तेही याच क्रमाने

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर. चित्रीकरणाच्या किमान तीन-चार महिने आधी सुरुवात करावी.

पहिले, स्थानिक एजंट. परदेशी निर्मात्याला चित्रपट परवान्यासाठी स्वतः थेट अर्ज करता येत नाही. तो केनियात नोंदणीकृत असलेल्या फिल्म एजंटमार्फत करावा लागतो. एजंट निवडताना त्याने गेल्या एक-दोन वर्षांत वन्यजीव क्षेत्रात काम केले आहे का हे विचारा; नैरोबी शहरात जाहिरातींची कामे करणारा एजंट प्रामाणिक असला तरी रानात उपयोगी पडतोच असे नाही.

दुसरे, चित्रपट परवाना. केनिया फिल्म कमिशन ही संस्था जागांची माहिती देते, मदत करते आणि देशाचा प्रचार करते. परवान्याचा विषय फिल्म क्लासिफिकेशन बोर्डाचा. ही दोन नावे एकच समजून कमिशनच्या सौजन्यपूर्ण ई-मेलला परवाना मानणे ही नेहमीची चूक आहे. अर्जासोबत पटकथा किंवा सारांश, तारखा, जागांची यादी, पासपोर्ट क्रमांकांसह माणसांची यादी आणि अनुक्रमांकांसह उपकरणांची यादी द्यावी लागते. इथे दिलेली यादी पुढे इमिग्रेशन आणि कस्टम्स अशा दोन्ही ठिकाणी ताडून पाहिली जाते, त्यामुळे ती अंतिम झाल्याशिवाय देऊ नका.

तिसरे, जमिनीची परवानगी. राष्ट्रीय उद्याने सर्वसाधारणपणे केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ताब्यात आहेत. मसाई मारा मात्र राष्ट्रीय उद्यान नसून राखीव क्षेत्र आहे आणि ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत येते. त्यातलाही मारा नदीच्या पश्चिमेकडचा भाग, म्हणजे मारा ट्रँगल, २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते. आणि राखीव क्षेत्राच्या बाहेर उत्तर-पूर्वेला मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा खासगी कॉन्झर्व्हन्सी (वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनी) आहेत, ज्यांची जमीन मसाई कुटुंबांकडून भाड्याने घेतलेली आहे. डोळ्यांना हे सगळे एकच कुरण दिसते. कागदावर तिथे तीन वेगळी कार्यालये, तीन शुल्के आणि गाडी रस्ता सोडून चालवण्याचे वेगवेगळे नियम आहेत. कॅमेरा कोणत्या बाजूला उभा राहणार हे नकाशावर बोट ठेवून ठरवा आणि मगच अर्ज करा.

माझे मत विचाराल तर छोट्या युनिटने कॉन्झर्व्हन्सीपासून सुरुवात करावी. गाड्या मोजक्या असतात, मार्गदर्शकाबरोबर रस्ता सोडून जाता येते, आणि शुल्काचा वाटा जमिनीच्या मालकांपर्यंत पोहोचतो.

चौथे, ड्रोन. केनियाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी आणि त्याशिवाय ज्या क्षेत्रात उडवायचा त्या व्यवस्थापनाची परवानगी, अशा दोन्ही लागतात. कागद हातात नसताना ड्रोन सामानात घातला तर नैरोबी विमानतळावर तो जमा होतो. परवाना असलेला स्थानिक ड्रोनचालक घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग. आणि ड्रोनने कळप पळवून 'ॲक्शन' मिळवायची कल्पना कोणी मांडली तर ती तिथेच थांबवा.

पाचवे, माणसांची परवानगी. भारतीयांना केनियात जाण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी घ्यावी लागते. जानेवारी २०२४ पासून तिने व्हिसाची जागा घेतली आहे. पण पर्यटक म्हणून घेतलेल्या परवानगीवर चित्रीकरणाचे काम करता येत नाही. त्यासाठी इमिग्रेशन खात्याचा स्पेशल पास लागतो आणि त्याच्या अर्जाला चित्रपट परवाना जोडावा लागतो. दुसरी पायरी आधी आणि पाचवी नंतर ठेवली आहे ती यासाठीच.

सहावे, भारतातले प्रमाणपत्र. चित्रपटात प्राणी असेल तर सेन्सॉरच्या वेळी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. परत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा निघण्यापूर्वीच मंडळाला लिहून कोणती कागदपत्रे लागतील हे विचारून घ्या. प्रत्येक प्राणीशॉटची तारीख, जागा, अंदाजे अंतर आणि सोबतच्या रेंजरची नोंद ठेवण्याची सवय इथे कामी येते.

तपासणी: चित्रपट परवाना, जमिनीची परवानगी, ड्रोनचा कागद आणि स्पेशल पास यांवरील तारखा, नावे आणि जागा एकमेकांशी जुळतात का, हे एका माणसाने सलग बसून पाहावे. तिकिटे यानंतर काढावीत.

## टप्पा ४: लस, औषधे, विमा

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. भारतातून जाताना केनियात लसीच्या प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक कोणी मागितले नाही म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. खरी अडचण परतताना येते, कारण केनियाहून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. विम्यात रानातून हवाई मार्गाने रुग्णालयात नेण्याची सोय स्पष्ट शब्दांत असली पाहिजे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा देते.

## टप्पा ५: सामान

तात्पुरत्या आयातीसाठी वापरले जाणारे ए.टी.ए. कार्ने केनियात चालत नाही. तिथे एजंटमार्फत कस्टम्सचा बाँड (हमी) भरून उपकरणे आत न्यावी लागतात आणि त्याच यादीप्रमाणे बाहेर काढावी लागतात. भारतातून निघतानाही विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, अन्यथा स्वतःचाच कॅमेरा परत आणताना शुल्काचा प्रश्न उभा राहू शकतो. यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचावे लागते.

लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० पर्यंतच्या विमान कंपनीच्या मान्यतेने प्रत्येकी दोन, आणि त्यावरच्या प्रवासी सामानात मुळीच नाहीत. म्हणून मोठ्या बॅटऱ्यांऐवजी ९८ वॅट-तासांच्या जास्त बॅटऱ्या घ्या आणि त्या माणसांत वाटून द्या. केनियात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिव्यांच्या लुकलुकण्याबाबत आपल्याकडचीच गणिते चालतात. मात्र प्लगला तीन चौकोनी पिना लागतात.

विल्सनहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी १५ किलो मऊ बॅग एवढीच मर्यादा असते. उपकरणे नारोकमार्गे रस्त्यानेच न्या. पाच-सहा तासांचा हा प्रवास दिवसाउजेडी करा.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायचे प्लास्टिक, अगदी पाण्याच्या बाटल्यासुद्धा, चालत नाही. युनिटच्या सवयीप्रमाणे बाटल्यांचे बॉक्स घेऊन फाटकावर पोहोचू नका. धातूच्या बाटल्या आणि मोठे जार ठेवा. लेन्स टेकवण्याच्या बीनबॅग रिकाम्या न्या आणि नैरोबीत तांदूळ किंवा कडधान्य भरून घ्या. मसाले, पोहे, डाळी मुंबईहून वाहून नेण्याचीही गरज नाही; नैरोबीच्या पार्कलँड्स भागात भारतीय किराणा सहज मिळतो.

इशारा: लष्करी छापाचे कपडे कोणीही घेऊ नयेत. खाकी, मातकट किंवा फिकट हिरवा रंग पुरेसा आहे.

## टप्पा ६: रेकी

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, तीन पूर्ण दिवसांची असावी आणि तिच्यात दिग्दर्शक, छायालेखक आणि जो मार्गदर्शक-चालक प्रत्यक्ष चित्रीकरणात असणार आहे तोच असावा. चांगला चालक हा प्राणी-युनिटमधला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे. बिबट्या कोणत्या ओढ्यात असतो, कोणता कळप गाडीला सरावलेला आहे, हत्तीण कान फडकवते आहे ती उकाड्याने की इशारा म्हणून, हे त्याला कळते. त्याला शॉटची यादी समजावून सांगा, तीही चित्रे काढून.

रेकीत सूर्य पाहा. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे दीड अंश दक्षिणेला आहे. तिथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे संधिप्रकाश थोडा वेळ टिकतो आणि आपल्याकडे हिवाळ्यात मिळतो तसा लांबलेला सोनेरी उजेड मिळत नाही. उजाडणे साडेसहाच्या आसपास आणि चांगला उजेड त्यानंतर जेमतेम पाऊण तास, असे धरून चला. फाटक सहाला उघडते. बाहेर मुक्काम केला तर तो पाऊण तास रांगेत आणि रस्त्यात जातो. म्हणून प्राणी-युनिटचा मुक्काम आतच हवा, महाग पडला तरी.

## टप्पा ७: प्रत्यक्ष दिवस

पहाटे निघण्यापूर्वी कॅमेरा जोडून, बीनबॅगवर टेकवून तयार ठेवा. धूळ असल्याने लेन्स बदलण्याचे काम गाडी थांबवून, खिडक्या बंद करून करावे.

प्राण्याजवळ पोहोचल्यावर क्रम असा ठेवा: दुरूनच थांबा, वाऱ्याची आणि उजेडाची दिशा पाहा, प्राणी कुठे निघाला आहे याचा अंदाज घ्या, त्याच्या वाटेच्या पुढे पण बाजूला जाऊन उभे राहा, आणि मग इंजिन बंद करा. पाठलाग करत राहिल्यास प्राण्याची पाठ तेवढी मिळते. इंजिन बंद झाल्यावर गाडीत कोणीही हलायचे नाही. ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर मागच्या सीटवरचा माणूस पाय बदलतो तेवढेही चित्रात दिसते. मारात एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात आणि इतर गाड्या वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडावी, असा नियम आहे.

चित्ता दिवसा शिकार करतो, आणि त्याला सर्वाधिक त्रास गाड्यांचाच होतो. शिकारीच्या पवित्र्यात असताना त्याच्या आणि हरणाच्या मध्ये गाडी आली तर तो प्रयत्न सोडून देतो, आणि पिल्ले असतील तर त्या दिवशी ती उपाशी राहतात. शॉट गेला तरी चालेल, तिथे गाडी घालू नका.

नऊ-दहानंतर जमिनीवरून उष्ण हवेच्या लाटा उठतात आणि दूरचा प्राणी थरथरताना दिसतो. लांब लेन्सने हा दोष आणखी वाढतो आणि संकलनात तो काढता येत नाही. तेव्हा थांबा. आवाज ध्वनिमुद्रित करणे, मेमरी कार्डांवरचे चित्रीकरण उतरवून घेणे, झोप घेणे यासाठी ती वेळ आहे. दुपारी चारनंतर पुन्हा निघा.

तपासणी: रात्री प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती होईपर्यंत ते पुसू नये, आणि तिन्ही प्रती एकाच गाडीत ठेवू नयेत.

## टप्पा ८: कलाकार आणि प्राणी एका फ्रेममध्ये

दोघांचे शॉट वेगवेगळे घेऊन नंतर जोडायचे आहेत, म्हणून प्राण्याचा शॉट घेताना लेन्स, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, कल, अंतर, वेळ आणि सूर्याची दिशा लिहून ठेवा. प्राणी निघून गेल्यावर कॅमेरा न हलवता तीच फ्रेम किमान एक मिनिट रिकामी घ्या. घाईत हेच राहून जाते, आणि नंतर कलाकार बसवायला स्वच्छ पार्श्वभूमीच उरत नाही. गाडीच्या छतावरून घेतलेला प्राणी आणि जमिनीवरून घेतलेला कलाकार कधीच जुळत नाहीत, म्हणून दोन्हीकडे कॅमेऱ्याची उंची एकच ठेवा.

कलाकाराचे जवळचे शॉट महाराष्ट्रात घेऊन पैसे वाचवावेत का, असे अनेक जण विचारतात. पार्श्वभूमी पुसट असेल तर घ्यावेत, पण फक्त सकाळ-संध्याकाळचे. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, तर सप्टेंबरात मारात तो जवळजवळ डोक्यावर येतो. चेहऱ्यावरच्या सावल्या लगेच फरक सांगतात. झाडाबाबत मात्र एक सोय आहे. माराच्या कुरणात एकटे उभे असलेले जे झाड सगळे बाभूळ समजतात, ते बऱ्याचदा आपल्याकडच्या हिंगणबेटाच्या कुळातले असते, त्यामुळे तसे झाड इथेही शोधता येते.

## टप्पा ९: मसाई वस्ती आणि माणसे

वस्तीत कॅमेरा नेण्याआधी वडीलधाऱ्यांशी बोलणी, मोबदला आणि तो कोणाच्या हाती द्यायचा हे स्थानिक मध्यस्थामार्फत ठरवा. संमतीपत्र स्वाहिलीत असावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मसाईंच्या मा भाषेत मोठ्याने वाचून दाखवावे. शुका (मसाईंचे वस्त्र) पांघरून आपल्या सहकलाकारांना 'मसाई' बनवण्यापेक्षा त्या भूमिका तिथल्या माणसांना द्या. गुरे परतण्याच्या वेळी वाटेत दिवे आणि गाड्या लावू नका.

## टप्पा १०: निघताना

बाँडची यादी समोर ठेवून प्रत्येक अनुक्रमांक तपासा. मोडलेले उपकरणसुद्धा परत आणा, कारण यादीतली वस्तू बाहेर गेली नाही तर तिचे शुल्क भरावे लागते. जमिनीच्या व्यवस्थापनाला चित्रीकरणाच्या दिवसांची नोंद देऊन पावती घ्या.

गेंड्याचे कोणतेही छायाचित्र युनिटमधल्या कोणीही स्थळाच्या माहितीसह समाजमाध्यमांवर टाकू नये. फोनमधील स्थाननोंद पहिल्याच दिवशी, नैरोबी सोडण्यापूर्वी, सगळ्यांकडून बंद करून घ्या. शिकारी टोळ्यांना त्या नोंदीवरून गेंडा कुठे आहे हे कळू शकते.